नाव आपले, दप्तर कोणाचे?

मंडळी, मळवली स्टेशनावर उतरून आपण कार्ल्याच्या डोंगरावर एकवीरेच्या दर्शनाला जातो. पायऱ्या चढून दम लागलेला असतो, रांगेत उभे राहण्याची घाई असते, पोरे पुढे पळत असतात. त्या गडबडीत देवळाला लागून असलेल्या लेण्याच्या भिंतींवर जी अक्षरे कोरलेली आहेत, तिकडे फारसे कोणी पाहत नाही. पुढच्या खेपेला जरूर पाहा. कारण त्या अक्षरांत आपल्या मावळातल्या एका गावाचा दाखला आहे. आणि तो एकदा नव्हे, दोनदा नोंदवलेला आहे.

पहिला लेख उषवदाताचा. हा क्षत्रप नहपानाचा जावई. त्याने वलूरक येथील लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंच्या पोटापाण्यासाठी करजिक नावाचे गाव दिले. वलूरक हे कार्ल्याच्या लेण्यांचे त्या काळचे नाव. पुढे राज्य पालटले. सातवाहनांनी क्षत्रपांचा पाडाव केला. मग त्याच लेण्यात दुसरा लेख कोरला गेला. ही एका सातवाहन राजाची आज्ञा आहे, आणि विद्वान मंडळी ती गौतमीपुत्र सातकर्णीची मानतात. आज्ञा आहे मामाडच्या अमात्याला, म्हणजे आपल्या मावळच्या अधिकाऱ्याला. करजक गाव वलूरकच्या भिक्षूंना दिले आहे, त्याला अमुक अमुक सवलती आहेत, आणि ही गोष्ट तेथल्या दप्तरी नोंदवून घे, असा तिचा आशय. करजिक आणि करजक हे एकच गाव, असे अभ्यासक सांगतात.

सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट. पण व्यवहार किती ओळखीचा वाटतो पाहा! राजा बदलला, नोंद ठेवणारा बदलला, तरी गाव त्याच भिक्षूंकडे राहिले. जुन्या राजाच्या कागदावर विसंबून न राहता नव्या दरबारात नोंद झाली, म्हणून राहिले. आणि गंमत अशी की, 'नोंदवून घे' या अर्थी त्या आज्ञेत जो शब्द आहे, तो 'निबंध' याच मुळातला आहे. आजही सरकारी मराठीत नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याला आपण 'निबंधक' म्हणतो. वडगावच्या कचेरीत ज्याच्यापुढे खरेदीखत होते तो दुय्यम निबंधक. बोलताना आपण त्याला सरळ रजिस्ट्रार म्हणतो.

आज मला सांगायचे आहे ते मात्र वेगळ्या रजिस्ट्रारविषयी. हा वडगावच्या कचेरीत बसत नाही. जमिनीची नोंद न करता हा नावाची नोंद करतो. इंटरनेटवर एखाद्या शाळेचे, दुकानाचे, संस्थेचे जे नाव असते, ज्याला डोमेन नाव म्हणतात आणि ज्याच्या शेवटी डॉट कॉम किंवा डॉट इन असते, ते नाव तुमचे आहे अशी नोंद हा ठेवतो. हा रजिस्ट्रार तुम्हाला निवडता येतो, आणि पटला नाही तर बदलताही येतो. जमिनीच्या बाबतीत हे भाग्य आपल्या वाडवडिलांना कधीच लाभले नव्हते. पण ज्याला निवडण्याची मोकळीक आहे, त्याच्यावर निवडण्याची जबाबदारीही येते. ती टाळली तर काय होते, ते आधी सांगतो.

समजा, आंदर मावळातल्या काही शेतकऱ्यांनी एकत्र येऊन इंद्रायणी तांदूळ थेट गिऱ्हाइकाला विकायचे ठरवले. इंद्रायणी हे आपल्याच मातीतले वाण; वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली ते बाहेर पडले. तांदूळ चांगला, नावही चांगले शोधले. गावातल्या एका हुशार मुलाने चार दिवस खपून वेबसाइट करून दिली. नाव त्यानेच नोंदवले. आपल्या खात्यावर, आपल्या ईमेलवर, आपल्या मोबाइल नंबरावर. त्यात त्याचा काही वाईट हेतू नव्हता. पोत्यांवर ते नाव छापले गेले, मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांच्या तोंडी बसले. पुढे मुलाला दूर नोकरी लागली, त्याचा नंबर बदलला, जुना ईमेल तो उघडीनासा झाला. मुदत भरत आल्याची पत्रे त्या न उघडलेल्या पेटीत पडून राहिली. एके दिवशी नाव सुटले, आणि दुसऱ्या कोणी ते उचलले. आता पोत्यावर नाव यांचे, आणि ते नाव टाकले की उघडते तिसऱ्याचेच पान!

ही गोष्ट मी रचून सांगितली. पण ज्या ज्या शाळेची, पतसंस्थेची, मंडळाची वेबसाइट 'कोणीतरी करून दिलेली' आहे, त्यांनी ही आपलीच गोष्ट समजून ऐकावी.

आता थोडे मागे जाऊ. नोंद ठेवणारा आणि नाव असणारा यांचे नाते मावळाने पिढ्यान् पिढ्या अनुभवले आहे. गावचा वसूल पाटलाने गोळा करायचा आणि हिशेब कुलकर्ण्याने लिहायचा, अशी वहिवाट होती. त्याच्यावर परगण्याचा देशमुख आणि परगण्याचे हिशेब राखणारा देशपांडे. कुलकर्ण्याच्या वहीत गावातली शेते आणि कुळे, देशपांड्याच्या वहीत अनेक गावांचा मेळ. या दोन वह्या एकमेकींशी जुळल्या तर सगळे सुरळीत. न जुळल्या तर तंटा. मग गोतसभा बसायची, साक्षी निघायच्या, महजर व्हायचा. धामधुमीत कागद जळाले, हरवले, तर वतनदार नव्या दरबारात जाऊन नवा कागद करून घेत. कार्ल्याच्या लेण्यातला व्यवहार तो हाच.

या पद्धतीत सोय होती तशी एक मोठी अडचणही होती. कुलकर्णीपण हे वतन होते. बापाकडून मुलाकडे जाणारे. कुलकर्णी सज्जन असला तर गावाचे भाग्य. तो वाकडा असला तर रयतेला दुसरा कुलकर्णी गाठता येत नसे. दप्तर त्याच्या घरात, रुमालात बांधलेले. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५० साली परगणा व कुलकर्णी वतने नाहीशी करण्याचा कायदा केला, तो १९५१ च्या मे महिन्यापासून अमलात आला. वंशपरंपरेने दप्तर सांभाळण्याची रीत संपली, आणि पगारी तलाठी सगळीकडे आला. दप्तर सरकारचे झाले, माणूस बदलता आला. तरीही निवड रयतेच्या हाती आली नाही. आपला सात-बारा कोणत्या तलाठ्याकडे ठेवावा, हे आपण ठरवत नाही. जमीन जिथे आहे तिथला तलाठी आपला. जमीन जागची हलत नाही, म्हणून ते ठीकही आहे.

इंटरनेटवरच्या नावांचा इतिहास याच वळणाने गेला आहे, फक्त दोन हजार वर्षांचा प्रवास त्याने पन्नास वर्षांत केला.

१९७० नंतरच्या काळात अमेरिकेत विद्यापीठांचे आणि संशोधन संस्थांचे मोजके संगणक एकमेकांना जोडलेले होते. प्रत्येक संगणकाला आकड्यांचा पत्ता असे, आणि आकडे लक्षात राहत नाहीत म्हणून एकेक नाव असे. कोणत्या नावाचा कोणता आकडा, याची एकच यादी होती. ती कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेत ठेवलेली असे. हे काम एलिझाबेथ फाइनलर नावाच्या बाई आणि त्यांचे सहकारी पाहत. नवे नाव नोंदवायचे तर कचेरीच्या वेळात त्यांच्याकडे कळवायचे, आणि बाकीच्यांनी त्या यादीची नक्कल वेळोवेळी उतरवून घ्यायची. एक गाव, एक कुलकर्णी, एक वही!

संगणक वाढले तशी ही वही पुरेना. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस या संशोधकाने नवी व्यवस्था आखली. एका मोठ्या वहीऐवजी वह्यांची उतरंड. डॉट कॉमची वही वेगळी, विद्यापीठांची वेगळी, प्रत्येक देशाची वेगळी. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायचे, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, असे करत नाव सापडते. आजही आपण फोनवर एखादे नाव टाकले की डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ही विचारपूस पार पडते. मार्च १९८५ मध्ये सिम्बॉलिक्स नावाच्या अमेरिकन कंपनीने डॉट कॉमखाली पहिले नाव नोंदवले. भारताच्या वाट्याला आलेली डॉट इन ही वही १९८९ साली उघडली.

व्यवस्था नवी आली, पण नोंदणीची मिरास एकाच घरात राहिली. १९९३ पासून डॉट कॉमची नोंदणी नेटवर्क सोल्युशन्स या एकाच अमेरिकन कंपनीकडे होती. आधी नोंदणी फुकट होती. १९९५ च्या सप्टेंबरपासून पैसे पडू लागले: पहिल्या दोन वर्षांसाठी १०० डॉलर. दर पटो न पटो, काम नीट होवो न होवो, जाणार कुठे? कुलकर्णी एकच.

तक्रारी वाढल्या. अखेर १९९८ साली या नावांच्या कारभारावर देखरेख करण्यासाठी आयकॅन ही संस्था स्थापन झाली, आणि १९९९ च्या एप्रिलमध्ये तिने प्रयोगादाखल पाच नवे रजिस्ट्रार निवडले. त्यांत ऑस्ट्रेलियातले होते, फ्रान्समधले होते. पुढे त्यांची संख्या वाढत गेली. या बदलातले मर्म लक्षात घेण्याजोगे आहे. वही आणि वहीत नोंद करून देणारा, हे दोघे वेगळे केले गेले. वही एकच राहिली, कारण वही दोन झाल्या तर एकाच नावाचे दोन धनी होतील. पण तिच्यात नोंद करून देणारे अनेक झाले. देशपांडे एक, कुलकर्णी हवे तितके. आणि रयतेने पसंत पडेल त्याच्याकडे जावे!

आपल्याकडे डॉट इनचे दार बराच काळ अर्धवटच उघडे होते. कोणी कोणते नाव घ्यावे यावर पुष्कळ बंधने होती. २००४ पर्यंतच्या साऱ्या वर्षांत मिळून सुमारे ७,००० नावेच नोंदली गेली होती. २००५ च्या आरंभी धोरण बदलले. निक्सी या ना-नफा संस्थेकडे डॉट इनची वही आली, तिने रजिस्ट्रारांना मान्यता दिली, आणि कोणालाही नाव घेता येऊ लागले. अपवाद आहेत, ते शिक्षक मंडळींनी लक्षात ठेवावेत. कॉलेजे आणि शिक्षणसंस्था यांच्यासाठी राखलेली एसी डॉट इन किंवा ईडीयू डॉट इन अशी नावे फक्त अर्नेट इंडिया या सरकारी संस्थेमार्फत मिळतात. तिथे रजिस्ट्रार निवडण्याचा प्रश्न येत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या कामाची. २७ ऑगस्ट २०१४ रोजी डॉट भारत हे देवनागरी नाव सुरू झाले, आणि त्यात मराठीचाही समावेश होता. आपल्या भागात याचे महत्त्व जास्त आहे. मावळ हा शब्द इंग्रजीत लिहिताना कोणी 'व्ही' घालतो, कोणी 'डब्ल्यू'. लोणावळ्याचे तर विचारूच नका. कोणी मध्ये 'ए' घालतो, कोणी गाळतो, आणि जुन्या इंग्रजी पुस्तकांत लोणावली असे तिसरेच रूप सापडते. कार्ला, कार्ले, कार्ली ही तशीच तऱ्हा. माणसाला हे सारे एकच वाटते. यंत्राला मात्र ती तीन वेगळी नावे. देवनागरीत 'मावळ' एकाच रीतीने लिहितात. तेव्हा इंग्रजी नाव घेताना दुसरे प्रचलित रूप आणि जमल्यास देवनागरी रूपही आपल्याकडे असावे, हे बरे.

सारख्या नावांचा घोळ लोणावळ्याच्या बाजाराला नवा नाही. चिक्कीच्या दुकानांच्या पाट्या वाचत गेले की ते कळते. रस्त्यावर एका नावाच्या दोन पाट्या लागू शकतात. इंटरनेटच्या वहीत मात्र एका नावाला एकच ओळ. म्हणून तिथे अक्षराच्या फरकाने भांडणे होतात. मुंबई उच्च न्यायालयात १९९९ साली असाच खटला झाला. रेडिफ या कंपनीच्या नावातले एकच अक्षर बदलून 'रॅडिफ' असे नाव दुसऱ्याने घेतले होते. डोमेन नाव हा नुसता पत्ता नसून व्यापारी नावासारखेच त्याला संरक्षण मिळाले पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. २००४ साली सर्वोच्च न्यायालयानेही सत्यम इन्फोवेच्या खटल्यात याच अंगाने निर्णय दिला. म्हणजे नावाला कायद्याचा आधार आहे. पण कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा नोंद नीट ठेवणे केव्हाही स्वस्त.

आता मोकळीक आली म्हणून सगळे ठीक झाले का? नाही. दोन दाखले सांगतो.

२००४ च्या नोव्हेंबरमध्ये आयकॅनने नाव एका रजिस्ट्राराकडून दुसऱ्याकडे हलवण्याचे नियम सोपे केले. जुन्या रजिस्ट्राराने गिऱ्हाइकाला अडवून धरू नये, हा हेतू. पाच दिवसांत त्याने योग्य कारण सांगून हरकत घेतली नाही, तर नाव हलेल असे ठरले. पुढे दोनच महिन्यांनी, जानेवारी २००५ मध्ये, न्यूयॉर्कमधील पॅनिक्स या जुन्या इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीचे नाव तिच्या परवानगीवाचून ऑस्ट्रेलियातल्या एका रजिस्ट्राराकडे हलवले गेले. तिची वेबसाइट आणि हजारो गिऱ्हाइकांची ईमेल दोन-अडीच दिवस भलतीकडे गेली. दार सहज उघडते ते चोरालाही, हा त्यातला धडा. तेव्हापासून नावाला कुलूप लावून ठेवण्याचे महत्त्व सर्वांना पटले.

दुसरा दाखला रजिस्टरफ्लाय या अमेरिकन कंपनीचा. दर स्वस्त, गिऱ्हाइके लाखो. पण आतला कारभार ढासळला. लोकांनी मुदतवाढीचे पैसे भरले, ते पुढे वहीपर्यंत पोचलेच नाहीत, आणि नावे सुटू लागली. मार्च २००७ मध्ये आयकॅनने तिची मान्यता काढून घेण्याची नोटीस दिली. अखेर सुमारे साडेआठ लाख नावे दुसऱ्या मोठ्या रजिस्ट्राराकडे सोपवण्यात आली. त्यानंतरच रजिस्ट्रारांनी आपल्या नोंदींची एक प्रत तिऱ्हाइताकडे ठेव म्हणून ठेवावी, ही व्यवस्था नीट मार्गी लागली. कुलकर्ण्याचे दप्तर जळाले तर देशपांड्याकडे पाहता यावे, हे शहाणपण जुनेच. नव्या जगाला ते ठेच लागून आले.

या इतिहासातून निवडीची कसोटी आपोआप निघते. रजिस्ट्रार निवडताना लोक विचारतात, 'पहिल्या वर्षाला किती पडतील?' माझे सांगणे असे की, पहिला प्रश्न हा विचारावा: 'मला उद्या जायचे झाले तर तू कसे जाऊ देशील?' जो जाताना अडवत नाही, त्याच्याकडे राहायला हरकत नाही. बाकीच्या गोष्टी त्यानंतर.

तरी त्याही एकेक करून पाहू. पहिली, मान्यता. डॉट कॉमसारख्या नावांसाठी आयकॅनची आणि डॉट इनसाठी निक्सीची मान्यताप्राप्त रजिस्ट्रारांची यादी इंटरनेटवर कोणालाही पाहता येते. पुष्कळदा आपण ज्याला पैसे देतो तो रजिस्ट्रार नसून त्याचा अडत्या असतो. अडत्या वाईट असतो असे नाही, पण त्याच्यामागे कोणता रजिस्ट्रार आहे ते विचारून, लिहून ठेवावे. अडत्याने दुकान बंद केले तर तिथेच जावे लागेल.

दुसरी गोष्ट, नोंद कोणाच्या नावे? शेतकरी सात-बारावर आपले नाव आहे का ते पुन्हा पुन्हा पाहतो. तेच इथे करावे. धनी म्हणून संस्थेचे नाव असावे. ईमेल असा असावा, की मुख्याध्यापक निवृत्त झाले, चिटणीस बदलले, तरी तो संस्थेकडेच राहील. आणखी एक सूक्ष्म गोष्ट: तो ईमेल त्याच डोमेन नावावर चालणारा नसावा. नाव बंद पडले की तोही बंद पडेल, आणि मग नाव सोडवण्याचे पत्र कुठे येणार? किल्ली घरात ठेवून बाहेरून कडी लावण्यासारखे ते होईल. खात्याचा पासवर्ड दोन जबाबदार माणसांना ठाऊक असावा, आणि मुदत कधी संपते ते संस्थेच्या वहीत तारीख घालून लिहिलेले असावे.

तिसरी गोष्ट दराची. पहिल्या वर्षाचा दर आमिषाचा असू शकतो. पुढच्या वर्षांचा दर काय, सुटलेले नाव सोडवून घेण्याचा दर काय, हे आधी वाचावे. डोमेन नाव हे वतन नव्हे. ते मुदतीने, खंडाने घेतलेल्या रानासारखे आहे. एका वेळी फार तर दहा वर्षांचा खंड भरता येतो. डॉट कॉमसारखे नाव मुदत भरून वहीतून निघाले तरी ३० दिवस ते सोडवून घेण्याची संधी असते, पण त्याला दंड जबर पडतो. तेव्हा त्या संधीवर विसंबू नये.

चौथी गोष्ट, अडचणीत कोण उत्तर देतो? नाव घेण्याआधीच एखादा साधा प्रश्न विचारून पाहावा. उत्तर किती वेळात येते, माणूस बोलतो की नुसते यंत्र, यावरून पुष्कळ कळते.

आता नाव हलवायचेच ठरले, तर ते कसे? याला आपल्याकडचा शब्द म्हणजे फेरफार. फक्त इथे धनी तोच राहतो, दप्तरदार बदलतो. जुन्या रजिस्ट्राराच्या खात्यात जाऊन नावाचे कुलूप काढायचे. त्याच्याकडून ऑथ कोड, म्हणजे नाव हलवण्याचा गुप्त शब्द घ्यायचा. हा मागितल्यावर न देण्याचा त्याला अधिकार नाही. तो नव्या रजिस्ट्राराला द्यायचा, एका वर्षाचे पैसे भरायचे, आणि येणाऱ्या पत्राला होकार द्यायचा. डॉट कॉमच्या बाबतीत हे काम बहुधा पाच-सहा दिवसांत पुरे होते, आणि भरलेले वर्ष शिल्लक मुदतीत मिळवले जाते. पैसे वाया जात नाहीत. नव्याने घेतलेले किंवा नुकतेच हलवलेले नाव मात्र लगेच हलत नाही; साधारणतः ६० दिवस थांबावे लागते. काम झाले की नव्या ठिकाणी पुन्हा कुलूप लावायला विसरू नये. पॅनिक्सची गोष्ट आठवावी.

घाई नको, हेही सांगून ठेवतो. मुदत संपायला चार दिवस उरले असताना घर हलवू नये. महिना-दोन महिने हाताशी असावेत. आणि एक घोळ पुष्कळांचा होतो, तो असा. नाव वेगळे आणि वेबसाइटची जागा वेगळी. नाव म्हणजे वहीतली ओळ. वेबसाइट म्हणजे बांधलेले घर. पुष्कळ रजिस्ट्रार दोन्ही देतात, म्हणून आपल्याला ते एकच वाटते. नाव हलवले म्हणून घर आपोआप हलत नाही. उलट, घराकडे जाणारी वाट दाखवणाऱ्या पाट्या, ज्यांना डीएनएसच्या नोंदी म्हणतात, त्या जुन्या रजिस्ट्राराकडेच असतील, तर नाव हलल्यावर त्या गळून पडण्याचा संभव असतो, आणि वेबसाइट व ईमेल बंद पडल्यासारखी होते. म्हणून आधी त्या सगळ्या नोंदी कागदावर उतरवून घ्याव्यात, नव्या ठिकाणी तशाच लावाव्यात, मग जुन्याचा निरोप घ्यावा.

शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना एक सुचवावेसे वाटते. सातवी-आठवीच्या मुलांना सहलीला कार्ल्याला न्याल, तेव्हा तो लेख त्यांना दाखवा. करजक गाव, मामाडचा अमात्य, 'निबंध' हा शब्द, हे सगळे सांगा. मग वर्गात परत आल्यावर आपल्या शाळेचे नाव इंटरनेटवर असेल तर ते कोणाच्या नावे नोंदले आहे, मुदत कधी भरते, रजिस्ट्रार कोण, हे मुलांनाच शोधायला लावा. इतिहास आणि व्यवहार एकाच दिवशी शिकून होईल. आणि कोणी सांगावे, शाळेचे सुटू लागलेले नाव एखाद्या मुलामुळे वाचेलही.

कार्ल्याच्या भिक्षूंजवळ सैन्य नव्हते की धन नव्हते. राज्ये त्यांच्या डोक्यावरून आली आणि गेली. पण नवा धनी आला तेव्हा त्यांच्या गावाची नोंद नव्या दप्तरी झाली, आणि ती पाण्यापावसाने पुसू नये म्हणून दगडावर कोरली गेली. आपल्याला दगड फोडायला नको. वर्षातून एकदा अर्धा तास बसून आपले नाव कोणाच्या दप्तरात, कोणाच्या नावे, किती तारखेपर्यंत आहे, एवढे पाहिले तरी पुरे. आज रात्री जेवण झाल्यावर तेवढे करा.